दोन पटांवरचं नाव

दाखल्याशिवाय या जगात कुणी कुणाला दारात उभं करत नाही, हे पुंजारामला एकदाच कळलं, पण असं कळलं की मरेपर्यंत विसरायची सोय राहिली नाही. मनकर्णा तेव्हा आठ वर्षांची होती. ऊसतोडीला आलेल्या टोळीच्या कोप्या, म्हणजे उसाच्या वाळक्या पाचटाच्या झोपड्या, कारखान्याजवळच्या माळावर पडल्या होत्या, आणि पुंजाराम पोरीचा हात धरून तिथल्या शाळेत गेला होता. हेडमास्तरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "दाखला?" पुंजाराम म्हणाला, "पोरगीच आनलीय की सोबत!" मास्तर हसले, अख्खा वर्ग हसला, आणि दोघांना बाहेरची वाट दाखवली गेली. दाखला ऐंशी मैलांवर, गावाकडच्या शाळेत होता. तो सगळा हंगाम पोर त्या शाळेच्या भिंतीला पाठ लावून आतले पाढे ऐकत बसली आणि तिचं साल फुकट गेलं. पुंजारामनं तेव्हाच कानाला खडा लावला.

त्याचं गाव बोरटाकळी, पाथर्डीच्या पुढं डोंगराच्या उतरणीला. जमीन होती, पण पिकाच्या आधी दगडच वर यायचे. दिवाळीच्या पणत्या विझल्या की गाव गाड्या जुंपायचं आणि गोदावरीकाठच्या कारखान्यांकडं निघायचं. मागं उरायची म्हातारी माणसं आणि कुत्री. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा मुकादमाचा हिशेब. पुंजाराम आणि कडूबाई हा एक कोयता, आणि मोळ्या बांधायला मनकर्णा. दर साली पाच-पाच महिने शाळा बुडवूनही पोरगी अकरावीत पोचली होती. कशी पोचली ते तिचं तिला ठाऊक. हंगाम संपवून आली की दुसऱ्यांच्या वह्या मागून आणायची, उतरवून काढायची, आणि परीक्षेत वह्या देणाऱ्यांच्याच पुढं जायची. त्यामुळं पुढं पुढं कुणी वह्या देईनासं झालं होतं.

पण अकरावी म्हणजे मॅट्रिक. तिथं ही बुडवाबुडवी चालणार नव्हती. हजेरी भरली नाही तर शाळा परीक्षेचा फॉर्मच पाठवत नसे. मागच्या दोन सालांत गावातली तीन पोरं अकरावीच्या उंबऱ्यावरून अशीच माघारी फिरली होती.

कडूबाईचा भाऊ आसाराम नेमकी हीच अडचण येण्याची वाट बघत बसला होता. माणूस वाईट नव्हता. भाचीचं भलं व्हावं असं त्याला मनापासून वाटायचं, फक्त त्याच्या लेखी भलं म्हणजे बैलजोडी असलेला नवरा. तसा एक त्यानं हेरूनही ठेवला होता. एकाहत्तर सालच्या पोळ्याला तो आला, पुरणाची पोळी हाणली, हात धुतला आणि म्हणाला, "दाजी, किती दीस ठिवनार पोरीला? पावनं काय जल्मभर थांबायचं न्हाईत."

पुंजारामनं पानाचा डबा पुढं सरकवला. कडूबाईला मधे पडावं लागलं. तिला पोरीचं शिकणं नको होतं असं नाही, पण भाऊ तुटायलाही नको होता. तिनं सगळ्यांच्या देखत बोली केली. "यंदा मॅट्रिक झाली तर शिकंल. न्हाई झाली तर वैशाखात हळद. मंग मी न्हाई म्हननार न्हाई, आन् ह्येंनीबी म्हनायचं न्हाई." पुंजारामनं मान डोलावली. आत चुलीपुढं बसलेल्या मनकर्णानंही ऐकलं असणार, कारण भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

आता हजेरीचा डोंगर कसा ओलांडायचा, या विचारात पुंजारामचे आठ-दहा दिवस गेले. आणि एका संध्याकाळी गहिनीनाथ सर स्वतःच्या पायानं घरी आले. मनकर्णावर त्यांचा जीव होता. हातात एक कागद होता आणि चेहऱ्यावर असं काही, की कडूबाईला वाटलं सरांना मुलगा झाला.

"पुंजाराम, पोरीचं काम झालं," सर म्हणाले. "तुम्ही ज्या कारखान्याला जाता ना, तिथं नवं कॉलेज निघालंय. तिथल्या प्राचार्यांनी विद्यापीठाकडून एक सवलत मिळवलीय. यंदापुरती, आणि बाराच मुलांना. टोळीबरोबर आलेल्या अकरावीच्या मुलांनी रोज सकाळी कॉलेजात बसायचं, पहिल्या वर्षाच्या मुलांशेजारी. विषय दोन. इंग्रजी आणि अर्थशास्त्र. तिथली हजेरी दर महिन्याला आपल्या शाळेत येणार आणि इथल्या पटावर चढणार. म्हणजे शाळा बुडाली असं होणारच नाही. मार्चमधे तिनं मॅट्रिक द्यायची, एप्रिलमधे कॉलेजचे ते दोन पेपर. मॅट्रिक पास झाली की ते दोन पेपर तिच्या कॉलेजच्या वर्षात जमा. जूनमधे कॉलेजात जाईल तेव्हा इतरांपेक्षा दोन विषय पुढं असेल."

पुंजारामनं डोकं खाजवलं. "म्हंजी उसात कांदा लावत्यात तसं. पानी एकच, पिकं दोन."

"अगदी तसंच!" सर खूश होऊन म्हणाले.

"पर सर, नाव कुठं ऱ्हानार? शाळंत का कालेजात?"

"दोन्हीकडं. एक नाव, दोन पटांवर. तीच तर गंमत आहे."

पुंजाराम हसला, पण ही गंमत काही त्याच्या गळी उतरली नाही. माणसाचं नाव एका वेळी एकाच जागी असतं, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. रेशनकार्डावर दुसऱ्या गावी नाव चढवायचं तर आधीच्या गावात ते कमी केल्याचा कागद लागतो. मुकादम बदलायचा तर पहिल्याच्या वहीतून सुटावं लागतं. आणि शाळेचं तर विचारूच नका. सर म्हणाले, "पत्र मी टपालानं पाठवतो. तुम्ही फक्त पोरीला नेऊन वर्गात बसवा, बाकी काही करायचं नाही." दाखला काढू नका, असं मात्र सर म्हणाले नाहीत. कोण म्हणेल? परीक्षेला पाच महिने राहिलेले असताना कुणी बाप पोरीचं नाव शाळेतून काढून घेईल, असं शहाण्या माणसाच्या स्वप्नातही येत नाही. पंधरा दिवसांत सरांची बदली सुप्याकडं झाली. पत्र तेवढं ते जाण्याआधी टाकून गेले.

टपालावर पुंजारामचा विश्वास नव्हता. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी घरात सगळी बांधाबांध चालली होती. गाडीला वंगण लावतो असं सांगून तो निघाला आणि तीन मैल चालत शाळेत पोचला. कडूबाईला सांगितलं नाही, मनकर्णालाही नाही. आपल्या बापानं यावेळी कच्चं काम ठेवलेलं नाही, हे पोरीला तिथं गेल्यावरच कळू दे, असा त्याचा मनसुबा होता. भोळ्या माणसाला हुशारी सुचली की देवानंच सांभाळावं.

शाळेचे क्लार्क भाऊसाहेब सुट्टीच्या घाईत होते. पुंजारामनं दाखला मागितल्यावर त्यांनी मान वर केली. "अकरावीतनं मधेच?"

"व्हय."

भाऊसाहेबांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. ऐन दिवाळीच्या तोंडावर एक शेतकरी सोळा वर्षांच्या लेकीचा दाखला मागतोय, याचा अर्थ काय होतो हे त्यांना वीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. "जमलं म्हणा की पोरीचं! लाडू कधी?"

पुंजाराम क्षणभर घोटाळला. खरं सांगितलं तर भाऊसाहेब हसतील, नाहीतर म्हणतील की मोठे सर आल्यावर या. शिवाय बारातली एक जागा. कुणाची दृष्ट लागायची. तो नुसता हसला. लाजल्यासारखा हसला. मोठ्या सरांनी आधीच सही करून ठेवलेल्या कोऱ्या दाखल्यांतला एक भाऊसाहेबांनी भरला, त्यावर गोल शिक्का हाणला आणि मग हजेरीपटावर मनकर्णाच्या नावावरून लाल शाईची एक रेघ ओढली. पुंजारामला वाचता येत नव्हतं. पण शिक्का त्यानं ओळखला. आठ वर्षांपूर्वी हेडमास्तरांना हाच कागद हवा होता. तो घडी करून त्यानं पटक्याच्या पदरात बांधला आणि येताना वाटभर बैलांमागं म्हणायची गाणी गुणगुणत आला.

कॉलेजात पहिल्या दिवशी दाखला कुणी मागितलाच नाही. सरांचं पत्र पोचलं होतं. तिथल्या बाईंनी यादीत नाव पाहिलं आणि म्हणाल्या, "ये मनकर्णा, बैस." पुंजाराम दाराशी पटक्याचा पदर चाचपत उभा राहिला. मागतील तेव्हा देऊ, असं म्हणून त्यानं कागद परत नेला आणि पत्र्याच्या पेटीत कडूबाईच्या लुगड्याखाली ठेवून दिला. सरांच्या नुसत्या पत्रावर हे लोक भुलले, याचं त्याला नवलच वाटलं. शिकलेली माणसं इतकी गाफील कशी राहतात!

ते तीन महिने पुंजारामच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, आणि हे म्हणायला मला जड जातं, कारण ते सगळे महिने खोट्या पायावर उभे होते. पहाटे तीनला उसात शिरायचं, साडेसहापर्यंत मनकर्णा मोळ्या बांधायची, मग हातपाय धुऊन, केसांतलं पाचट झटकून कालव्याच्या कडेनं दोन मैल चालत जायची. अकराला परत यायची आणि पुन्हा मोळ्या. टोळीतल्या बाया तिला "कालेज" म्हणायला लागल्या. "ए कालेज, पानी आन गं!" मुकादम कुरकुरला, तेव्हा पुंजारामनं तिच्या वाट्याच्या मोळ्याही मी बांधीन म्हणून सांगितलं आणि बांधल्या. दुपारच्या भाकरीला ती दिवसाचं शिकलेलं सांगायची. मागणी वाढली की भाव वाढतो, हे तिनं अर्थशास्त्रातलं सांगितलं तेव्हा कडूबाई म्हणाली, "ह्याला कालेज कशाला पायजे? बाजारात उभं ऱ्हायलं तरी कळतंय." मनकर्णा हसली. पण नंतर पुंजारामनं पाहिलं की कडूबाई बांधावर बसून शेजारणीला तेच सांगत होती, आणि सांगताना "आमची मना म्हनती" असं म्हणत होती.

डिसेंबरात प्राचार्य एकदा माळावर आले. बारीक अंगाचा, खादीचा सदरा घातलेला माणूस. त्यांनी पुंजारामला बाजूला घेतलं. "तुमची मुलगी कॉलेजच्या मुलांच्या पुढं आहे. या बारा जणांवर माझं सगळं अवलंबून आहे, पुंजाराम. बाराच्या बारा मॅट्रिकला बसले आणि निघाले, तर विद्यापीठ पुढल्या वर्षी शंभर जागा देईल. जिल्ह्यातल्या सगळ्या कारखान्यांवर हे करता येईल." पुंजारामनं हात जोडले. त्याला दाखल्याची आठवण झाली, पण इतक्या मोठ्या माणसाला असलं क्लार्कचं काम कसं सांगायचं म्हणून तो बोलला नाही.

तिकडं गावाकडच्या शाळेत दर महिन्याला कॉलेजातून हजेरीचा कागद जात होता. भाऊसाहेब तो वाचायचे. मनकर्णा पुंजाराम, हजर, चोवीस दिवस. लग्न होऊन गेलेली पोर कॉलेजात हजर कशी? पत्ता चुकला असणार, दुसऱ्या कुठल्या मनकर्णेचा असणार, असं म्हणून ते कागद तारेला टोचून ठेवायचे. सवलतीचं सगळं एकट्यानं बघणारे गहिनीनाथ सर सुप्याला होते, शाळेत दुसऱ्या कुणाला त्याचा पत्ता नव्हता. फॉर्म भरायची तारीख आली आणि गेली.

फेब्रुवारीत अकरा मुलांचे परीक्षेचे नंबर आले. मनकर्णाचा आला नाही. तिनं चार दिवस वाट पाहिली, मग दुपारी उसात येऊन बापाला म्हणाली, "आबा, तुमाला प्राचार्यांनी बोलावलंय. माझं नाव शाळंकडनं गेलंच न्हाई म्हनत्यात."

आणि पुंजाराम हसला! माझ्या डोळ्यांपुढून ते हसू जात नाही. तो म्हणाला, "आगं, त्याला भ्यायचं कशाला? मला ठाव हुतं ह्यो घोळ हुनार. म्हनून तर तुझा बाप तयारीनं आलाय." कोयता टाकून तो कोपीत गेला, पेटी उघडली, लुगड्याखालून कागद काढला आणि चिकट हातांनी खराब होऊ नये म्हणून फडक्यात धरून पोरीच्या पुढं पुढं चालू लागला. वाटेत मनकर्णानं दोनदा विचारलं, "काय हाय त्यात?" तो म्हणाला, "चल तर खरं."

प्राचार्यांच्या टेबलावर त्यानं तो दोन्ही हातांनी ठेवला. "घ्या सायेब. पैल्या दिवसापासनं जपून ठिवलाय. तुमीच मागितला न्हाई."

प्राचार्यांनी घडी उघडली. वाचलं. पुन्हा वाचलं. खुर्चीत मागं रेलून त्यांनी डोळे मिटले. मनकर्णा टेबलाच्या बाजूनं वाकून वाचत होती. शाळा सोडल्याची तारीख. त्याखाली शाळा सोडण्याचं कारण. भाऊसाहेबांच्या वळणदार अक्षरात: विवाह ठरल्यामुळे.

"पुंजाराम," प्राचार्य फार हळू बोलले, "हा दाखला तुम्ही का काढलात?"

"दाखल्याबिगर कोन घेतं सायेब?"

"अहो, इथं तिचं नाव शाळेच्या जोरावर होतं. शाळेत नाव आहे म्हणून कॉलेजात नाव. दाखला काढला त्या दिवशी ती शाळेतून गेली. शाळेतून गेली म्हणून मॅट्रिकचा फॉर्म गेला नाही. आणि मॅट्रिक नाही म्हटल्यावर इथले तीन महिने, इथले पेपर, कशालाच काही अर्थ नाही. ती आता दोन्हीकडं नाही."

पुंजारामला एकेक शब्द कळला. हेच वाईट झालं, की यावेळी सगळं कळलं. त्यानं मनकर्णाकडं पाहिलं. ती रडत नव्हती. त्या एका ओळीवर बोट ठेवून उभी होती. मग म्हणाली, "आबा, मला इचारायचं तरी हुतं." एवढंच. त्यानंतर या गोष्टीबद्दल ती त्याच्याशी कधी बोलली नाही, आणि त्याला वाटत राहिलं की शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्राचार्य भला माणूस. त्यांनी पुण्याला तार केली, स्वतः एस.टी.नं जाऊन आले, गावाकडच्या शाळेतही माणूस धाडला. शाळेचे मोठे सर म्हणाले की बापानं स्वतः दाखला मागून नेलाय, पटावर ओढलेली लाल रेघ आता पुसता येत नाही. बोर्ड म्हणालं तारीख उलटली. विद्यापीठ म्हणालं, जी मुलगी शाळेच्या पटावर नव्हती ती आमच्या सवलतीत बसलीच कशी, याचा खुलासा करा. मदत मागायला गेलेला माणूस उलट खुलासा लिहीत बसला.

पुंजाराम कडूबाईला म्हणाला, "जूनमधी परत नाव घालू. एक साल तर गेलं."

कडूबाई भाकरी करत होती. तिनं तवा उतरवला. "माझ्या भावाला शबूद कुनी दिला? मी दिला. मान कुनी हालवली? तुमी हालवली." मग तिचाच बांध फुटला. "मी काय वैरीन हाय का वो तिची? पर आता कोंच्या तोंडानं सांगू त्याला? पोरीच्या बापानं सोताच्या हातानं तिचं नाव काढलं, असं सांगू?" पुंजाराम उठून बैलांकडं गेला. बैलांना वैरण होती, तरी आणखी टाकत राहिला.

मार्चमधे परीक्षेच्या दिवशी कारखान्याची जीप अकरा मुलांना कोपरगावला घेऊन निघाली. उसानं भरलेली पुंजारामची गाडी रस्त्यात होती, ती त्यानं बाजूला घेतली. मनकर्णा मोळ्यांवर बसली होती. जीपमधल्या एका मुलीनं तिला हात केला. हिनंही केला. जीपचा धुरळा बसेपर्यंत पुंजारामनं गाडी हलवली नाही. मग मागं न बघता बैलांना "चला" म्हणाला.

वैशाखात हळद लागली. पंगतीत नवऱ्याच्या चुलत्यानं सहज विचारलं, "पोरगी किती शिकलीय?" पुंजाराम वाढता वाढता थांबला. तीन महिने कॉलेजात होती म्हणावं तर अकरावी नाही. अकरावी म्हणावी तर शाळेनं नाव काढलेलं. तो म्हणाला, "धाववी." चुलता म्हणाला, "लई झालं की!" आणि वाटी पुढं केली. मनकर्णा नवऱ्याबरोबर सोनईकडच्या कारखान्याला जाणार असं ठरलं. नवरा आणि ती मिळून एक कोयता.

बहात्तरला तर आभाळानं पाठच फिरवली. ज्यांनी जन्मात कोयता धरला नव्हता, तीही माणसं गाड्यांमागं निघाली. पुंजारामनं मुद्दाम दुसऱ्या मुकादमाची टोळी धरली. तिच्यात ओळखीचं कुणी नव्हतं. पण कारखाना तोच होता, माळ तोच होता.

आणि तिथं त्यानं एक काम सुरू केलं. दिवसभर ऊस तोडून संध्याकाळी तो कोपीकोपीतून फिरायचा आणि विचारायचा, "तुमचं कुनी अकरावीला हाय का?" असलं तर बसायचा आणि सगळं समजावून सांगायचा. आता त्याला सगळं मुखोद्गत होतं. शाळेत नाव ठेवायचं, कॉलेजात बसायचं. हजेरी हिथनं तिथं जाती. मॅट्रिक झाली की कॉलेजचे पेपर जमा. आणि शेवटी बोट उभारून, दर वेळी तेच, "पर दाखला काढायचा न्हाई. काय वाट्टंल ते हूं द्या, दाखला काढायचा न्हाई." कुणी म्हणालं की दाखल्याबिगर कोण घेतं, तर त्याच्या अंगावर धावून जायचा. कडूबाई कोपीतून ऐकायची आणि चुलीत काटकी सारायची.

बीडकडून आलेला भिमाजी नावाचा एक गडी त्याला पटला. त्याची लेक विजयमाला अकरावीत होती आणि आता वह्या घेऊन कोपीत बसली होती. पुंजारामनं आठ दिवस त्याच्यामागं लकडा लावला. शेवटी एका सकाळी खाडा करून तिघं कालव्याच्या कडेनं कॉलेजात गेले. पोरीनं धुतलेलं परकर-पोलकं घातलं होतं. पुंजाराम वाटभर बोलत होता. "तितल्या बाई लई चांगल्या हायती. 'ये, बैस' म्हनत्यात."

प्राचार्यांच्या खोलीवर दुसऱ्याच माणसाची पाटी होती. खिडकीतल्या क्लार्कनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "ती सवलत बंद झाली. गेल्या वर्षी बारातल्या एका मुलीच्या बापानं मधेच तिचा शाळेचा दाखला काढला. लग्नासाठी. विद्यापीठानं धरलं की हे लोक शिकायला बसत नाहीत, जागा वाया जातात. प्राचार्यांनाही जावं लागलं त्यापायी."

"लग्नासाटी न्हाई," पुंजाराम म्हणाला.

"काय?"

"काय न्हाई."

परत येताना विजयमाला पुढं चालत होती. कालव्याला पाणी कमी होतं. मग भिमाजी एकदम रस्त्यात थुंकला. "एका मानसापायी किती लेकरांचं वाटूळं झालं बगा. पोटच्या पोरीचा दाखला काढला भाड्यानं. असल्या बापाला जोड्यानं हानला पाहिजी."

"व्हय," पुंजाराम म्हणाला. "हानला पायजे."